चारशे दहा किलो माटोळी

बाबुराव परबांच्या पडवीत त्या सकाळी जे होतं ते असं: नारळांच्या पेणी (म्हणजे घड) सव्वीस, सुपारीचे घोस बावन्न, केळ्यांच्या फण्या बावन्न, तोरंजनं, म्हणजे पपनसं, एकतीस (सांगितली होती तीस, पण विकणारा भिकाजी मोजता मोजता तंबाखू मळायला थांबला), चिबूड चव्वेचाळीस, आंबाड्याच्या फांद्यांचा एक भारा, कवंडळाच्या वेलींचे दोन भारे, घागऱ्या आणि कांगलं या रानफळांचं एकेक टोपलं, केवणीच्या सालीच्या दोरीची सात वेटोळी, आणि बाबुरावांना बसायला जागा शून्य.

"सगुणा, माझी खुर्ची खंय आसा?"

"कवंडळांखाली, बाबा."

"आणि पेपर?"

"खुर्चीवर."

बाबुरावांनी आपल्या एकुलत्या एका मुलाकडे पाहिलं. मग ते आत जाऊन चुलीजवळच्या पाटावर बसले आणि चहा मागितला. ते रेशनच्या सोसायटीत तीस वर्षं वजनकाट्यावर होते. माणूस रागावला की त्याचा हात हलतो आणि हात हलला की काटा हलतो, म्हणून त्यांनी रागावणं फार पूर्वीच सोडून दिलं होतं. त्याऐवजी ते गप्प बसत. घरात सगळ्यांना त्याचीच जास्त भीती वाटे.

हा सगळा माल माटोळीचा होता. चवथीला गणपतीच्या डोक्यावर, छताला, लाकडाची चौकट बांधतात आणि तिला रानातली आणि परसातली फळं, फुलं, वेली टांगतात. ती माटोळी. डिचोलीत माटोळी नसलेला गणपती म्हणजे बिनछपराचं घर. आणि सगुण परब, वय एकवीस, यंदा देऊळवाड्यावरच्या सव्वीस घरांना तयार माटोळी पुरवणार होता.

त्याला कारण होती एक पदवी. खरं तर दोन.

सगुण म्हापशाच्या एका कॉलेजात एकत्रित अभ्यासक्रम करत होता. पहिली तीन वर्षं अर्थशास्त्र, त्याला लागूनच दोन वर्षं व्यवसाय व्यवस्थापन. मध्ये दम खायला जागा नाही, पाच वर्षांत दोन्ही पदव्या हातात. तीन वर्षं झाली होती. पण अर्थशास्त्रातून व्यवसायात जायचं तर दारावर एक अट होती. नाशवंत मालाचा खरा व्यवसाय, खऱ्या गिऱ्हाइकांसाठी, एकदा करून दाखवायचा. त्यात वाया गेलेला माल एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला, तर चौथ्या वर्षाचा प्रवेश पक्का. एक ग्रॅमही जास्त झाला, तर अर्थशास्त्राची पदवी घेऊन घरी.

घरी बाबुराव एलडीसीचा अर्ज घेऊन बसले होते. एलडीसी म्हणजे सरकारी कारकुनी. आमच्याकडे मूल पालथं पडायला लागलं की त्याच्या नावाने जिचा विचार सुरू होतो, ती नोकरी. अर्ज सगुणच्या नावाने भरलेला होता. फक्त सही राहिली होती, आणि तो बाबुरावांच्या सदऱ्याच्या खिशात असे. धुवायला टाकतानाही ते तो काढून दुसऱ्या सदऱ्यात ठेवत.

"दोन पदव्या एकदम?" शेजारचे गोकुळदास शेट म्हणाले होते. "म्हणजे लग्न आणि बारसं एकाच मांडवात. बरं आहे, मंडपाचं भाडं वाचतं. पण आमचा भाचा बघ, एकाच पदवीवर वास्कोला बंदरात लागला. दुसरी घेऊन तो करणार काय होता?"

सगुणने त्यांना शांतपणे समजावलं. अर्थशास्त्र सांगतं की गिऱ्हाईक विचार करून माल घेतं. व्यवसायशास्त्र सांगतं की गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ द्यायचा नाही. दोन्ही ज्याला येतात त्याला हरवणं कठीण.

"मग आमच्या हिला तू भेटलेला नाहीस," गोकुळदास म्हणाले.

सगुण शास्त्रीय पद्धतीने निघाला. आधी परवानगी. कॉलेजला एक ना-हरकत दाखला हवा होता. पहिल्या कचेरीत सांगितलं, माटोळी हे धर्मकार्य आहे, व्यापार नव्हे, इथे नोंद होत नाही. दुसऱ्या कचेरीत धर्मकार्याची नोंद होत होती, पण चिबूड दिसल्याबरोबर त्यांनी शेतकीकडे बोट दाखवलं. शेतकीचा साहेब भला माणूस होता. त्याने यादी पुरी वाचली आणि म्हणाला, "नारळ, सुपारी, केळी आमची. कवंडळ, कांगलं, घागऱ्या रानातली. तुम्ही वनखात्यात जा." वनखात्यात टेबलापलीकडच्या गृहस्थाने तीच यादी वाचली, चष्मा काढला आणि अतिशय आस्थेने विचारलं, "हे कुठल्या रानातून आणणार म्हणालात?" सगुणने त्यांचे आभार मानले, यादी घडी करून खिशात ठेवली आणि तो जरा भराभर जिना उतरला. दाखल्याच्या जागी त्याने शेवटी देवळाच्या अध्यक्षांची सही आणि शिक्का लावला. कॉलेजने तो मान्य केला. शिक्क्यावर नंदी होता.

मग सर्वेक्षण. इथे सगुणला खरा उत्साह आला. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या घरापासून ओहोळाकाठच्या शेवटच्या घरापर्यंत तो कागद-पेन्सिल घेऊन फिरला. प्रश्न एकच होता: तुमच्या माटोळीला किती जिन्नस लागतात?

पहिल्या घराने सांगितलं, एकवीस.

दुसरं घर गंगामावशीचं. ती नारळ खवत होती. खवणीवरून न उठता तिने विचारलं, "त्यांनी किती सांगितलं?"

"मावशी, ते गोपनीय असतं."

"गोपनीय किते रे? त्यांच्या घरात माझ्या घरातून दिसतं."

"एकवीस."

"मग माझे बावीस घाल." दोनदा नारळ खवणीवर फिरला. "ना. पंचवीस घाल. थोरला मुंबयहून येतला."

अशा तऱ्हेने सगुण खाली उतरत गेला आणि आकडे वर चढत गेले. तीस. चौतीस. एकेचाळीस, "आणि वर जे काय मिळेल ते." शेवटचं घर गोकुळदास शेटांचं होतं. तिथे अठ्ठावन्न झाले. सगुणने हे सगळं आलेखावर मांडलं, तेव्हा एक देखणी सरळ रेषा मिळाली. त्याने टिपण केलं की मुख्य रस्त्यापासूनचं अंतर वाढतं तशी माटोळीची मागणी वाढते, आणि याचा संबंध ओहोळाकाठच्या दमट हवेशी असावा. हा निष्कर्ष त्याने भाग्यलक्ष्मी मॅडमना पाठवला. त्या प्रकल्पाच्या परीक्षक होत्या. त्यांनी उत्तर पाठवलं: "रोचक."

पुढे दर्जे आले. व्यवसायाच्या पुस्तकात मालाचे तीन दर्जे करायला सांगितलं होतं, म्हणून सगुणने साधी, मध्यम आणि राजेशाही अशा माटोळ्या ठरवल्या. साधी एकाही घराने घेतली नाही. "माझा गणपती साधा?" असं गंगामावशीने विचारलं, तेव्हा तिच्या हातात सुरी होती. सगुणने नावं बदलून राजेशाही एक, राजेशाही दोन आणि राजेशाही तीन अशी केली. मग सगळ्यांना तीन हवी झाली.

माल चवथीच्या चार दिवस आधी आणला, तोही तत्त्वाने. चवथ जवळ येते तसे भाव चढतात, हे अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात आहे. वाळपईच्या पलीकडून भिकाजी गावकर पहिल्या बसने सगळं घेऊन आला. कंडक्टर निम्म्या वाटेपर्यंत त्याच्याशी भांडला आणि उरलेल्या वाटेत त्याने दोन तोरंजनं स्वतःसाठी ठरवून टाकली, ती मात्र भिकाजीने दिली नाहीत. सोसायटीच्या काट्यावर बाबुरावांनी स्वतः वजन केलं: चारशे दहा किलो. म्हणजे वाया जायला मुभा एकेचाळीस किलोंची. सगुणने तो आकडा पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

पुस्तकात जे नव्हतं ते चिबडाने दाखवून दिलं. चिबूड पिकला की कोणी हात न लावता फुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फुटला. आई पूजेला बसली होती, ती घंटा हातात धरून तशीच थांबली. जेवायच्या वेळेपर्यंत नऊ फुटले. वास पडवीतून माजघरात आला, माजघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून रस्त्यावर. मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागोमाग गोकुळदास शेट आले.

"याला काय म्हणतात तुमच्यात?"

"साठवणुकीतली घट," सगुण म्हणाला.

"आमच्यात चिबूड फुटला म्हणतात."

सगुणने फुटलेले चिबूड एका गोणपाटात भरले, तोंड बांधलं आणि कोपऱ्यात ठेवलं. गंगामावशीला हे बघवेना. "अरे पुता, माझी गाय खाईल ते. गायीने खाल्लं की वाया गेलं कसं म्हणशील? तुझी म्हापशाची बाई काय गायीच्या पोटात बघायला येतली?"

"मावशी, गाय गिऱ्हाईक नव्हे."

"गाय देव आसा."

"तरी गोणी इथेच राहणार. माझ्या व्यवसायातलं जे वाया गेलं ते माझ्याच नावावर."

पाटावर बसलेले बाबुराव चहा पिता पिता थांबले. मग उरलेला चहा प्यायले.

आईने मात्र संध्याकाळी निकाल दिला. "सगुणा, या घरात एक तर तुझे चिबूड राहतील नाहीतर मी. आणि उद्या नेवऱ्या मलाच करायच्या आहेत." नेवऱ्यांशी, म्हणजे चवथीच्या करंज्यांशी, कुठलंच शास्त्र वाद घालत नाही. माल हलवावा लागला.

जागा दिली रामचंद्रने. रामचंद्र सावंतवाडीकडचा. खाणी चालू असताना तो इथे टिप्पर घेऊन आला आणि खनिज आमोण्याच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा. खाणी बंद पडल्यावर टिप्पर गावाबाहेरच्या शेडमध्ये उभा राहिला. रामचंद्र दर रविवारी तो चालू करून दहा मिनिटं ऐकायचा आणि बंद करायचा. सगुणने जागा मागितली तर त्याने गाडीही देऊ केली. "माल थंयच बांधून ठेव. तयेच्या दिवशी माझ्या गाडयेतसून देवळाकडे हाडू. दहा टनांची गाडी आसा, तुझी चार फळां ती काय जाणवाची नाय तिका."

सगुणने दीड दिवस शेडमध्ये बसून सव्वीस संच बांधले. प्रत्येक संच केवणीच्या दोरीने आवळला, वर घराचं नाव आणि दर्जा लिहिलेली चिठ्ठी लावली. कामाच्या शेवटी ओळीने लावलेले सव्वीस संच पाहून त्याला वाटलं, दोन पदव्या एकत्र आल्या की असं दिसतं. रामचंद्रनेही मान डोलावली. "झक्क," तो म्हणाला.

तयेला, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी देवळाच्या चौकात सव्वीस घरं जमली. भाग्यलक्ष्मी मॅडम स्कूटरवरून आल्या. त्या मूळच्या पेडण्याच्या, त्यांनाही संध्याकाळी गावी पोचून आपल्या घरची माटोळी बांधायची होती, म्हणून त्यांनी आल्या आल्या घड्याळ बघितलं. सोसायटीच्या दारात बाबुराव काटा पुसत उभे होते. चौकात एक गोष्ट सगुणच्या लक्षात आली: लोक खूश नव्हते. संच ठरलेला होता, न्यायचा आणि बांधायचा, तरी सगळे उगाच उभे राहून बाजाराच्या दिशेला बघत होते. दरवर्षी या वेळी ते बाजारात असत. तोरंजन हातात घेऊन नाक मुरडणं, पुढे जाणं, परत येणं, हे त्यांचं यंदा बुडालं होतं.

तेवढ्यात टिप्परचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो आवाज वाड्यावर आला होता, पोरं धावली, बायका बाजूला झाल्या. रामचंद्र नवा शर्ट घालून बसला होता. त्याने गाडी चौकात वळवली, मागे घेतली, हॉर्न दिला, ब्रेक लावला, आणि मग त्याच्या उजव्या हाताने तेच केलं जे तो हात गाडी मागे घेऊन ब्रेक लावल्यावर वीस वर्षं करत आला होता. त्याने ओतायचा दांडा ओढला.

टिप्परचा मागचा पाळणा मालासकट सावकाश वर गेला. सगुण "रामचंद्रदादा!" असं ओरडला, पण त्या आवाजात त्याला स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. आधी केवणीच्या दोऱ्या सुटल्या, मग नारळ सरकले, मग राजेशाही एक, दोन आणि तीन कुठलाही भेदभाव न करता एकत्र खाली आले. तोरंजनं उतारावरून देवळाच्या पायरीपर्यंत गेली. सव्वीस चिठ्ठ्या वर उडाल्या आणि सावकाश खाली बसल्या. चिबडांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

इंजिन बंद झालं. रामचंद्र खाली उतरला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "हात आपोआप गेलो रे, सगुणा. वीस वरसां ह्यांच केलंय."

सगुणने खिशातून यादी काढली. "कोणी हात लावू नये," तो शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणाला. "मी यादीप्रमाणे परत लावून देतो. संच क्रमांक एक..."

गंगामावशी ढिगाशी बसलीदेखील होती. तिने एक तोरंजन उचललं, दाबलं, वास घेतला आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं.

"मावशी, तुमच्या संचात एकच आहे."

"तेच शोधतंय."

तिच्या शेजारी पहिल्या घरची वहिनी बसली. मग तिसरं घर. पाहता पाहता सव्वीसच्या सव्वीस घरं ढिगाभोवती गोल बसली आणि चौकात एकदम आवाज चढला. "ही पेण बारकी, ती दे." "कांगलं घे आणि घागऱ्या दे." "हे कवंडळ पिकलेलं, माझ्या पोराला तांबडंच हवं." "तुझ्याकडे आंबाडे किती झाले गो? ठेव त्यातले." बाजारातून परतणारे, यादीत नसलेले लोकही थांबले. कोणी बाजारात न मिळालेल्या घागऱ्या उचलल्या आणि जास्तीची काकडी ठेवून गेलं. सगुणला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम दिसल्या. त्याच्यातल्या अर्थशास्त्राला दिसलं की देवाणघेवाण कोणीही न सांगता समतोलाकडे चालली आहे. त्याच्यातल्या व्यवसायाला दिसलं की 'राजेशाही तीन' असं लिहिलेली चिठ्ठी गंगामावशीच्या टाचेला चिकटली आहे.

त्याने यादी घडी केली आणि उकिडवा बसला. "मावशी, ती पेण सोडा, ही बघा, नारळ सारखे आहेत." पाच मिनिटांत तो ओरडून सौदे लावत होता. आलेली काकडी वगैरे त्याने वेगळी ठेवली, तिची नोंद वेगळी, ती ज्यांना हवी त्यांना लगेच दिली. एकदा त्याचा हात कोणाच्या तरी हातावर पडला. हात भाग्यलक्ष्मी मॅडमचा होता, आणि त्यात कांगल्याची डहाळी होती.

मॅडमनी ती झटकन ठेवली. "मी परीक्षक आहे."

"परीक्षक आसल्यार चवथ ना काय गो तुका?" गंगामावशीने विचारलं. मॅडमनी हात मागे घेतला खरा, पण डहाळी परत परत बघितली.

गोकुळदास शेट मात्र अवघडले होते. अठ्ठावन्न जिन्नस त्यांनी सांगितले होते, आणि बायको शेजारीच उभी होती. "आपली चौकट केवढी, तुम्ही सांगितलं केवढं!" ती म्हणाली. "तिला तेवीसच्या वर खुंट्याच नाहीत." त्यांनी तेवीस घेतले आणि बाकीचे हळूच ढिगात सरकवले, ते तिथून लगेच उचलले गेले. सगुणची सरळ रेषा तिथे संपली. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक ओलाव्याबद्दल असावं.

ढीग उतरत गेला. लोक माळा, फण्या, वेली खांद्यावर टाकून घरोघर गेले. शेवटी चौकात राहिलं ते फुटलेलं, चेपलेलं, कोणालाच नको असलेलं. सगुणने ते दोन गोणपाटांत भरलं आणि शेडमध्ये हलवलेली फुटक्या चिबडांची तिसरी गोणी आणली. तिन्ही गोण्यांतून रस गळत होता.

तिन्ही एकत्र काट्यावर चढवल्या. मॅडमनी वाकून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

"बेचाळीस किलो सहाशे. सगुण, मर्यादा एकेचाळीस होती."

"दीड किलोसाठी काय ते!" गंगामावशी म्हणाली. "दोन चिबूड काढून टाक रे, कोण बघतं?"

"मी बघतोय," सगुण म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता, ओरडून असेल.

गोकुळदास शेटांनी बाबुरावांच्या खिशाकडे पाहिलं. खिशातला अर्ज वरून दिसत होता. "मग काय, बाबुराव? सही घेऊन टाका आजच. तशी एलडीसी वाईट नव्हे."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

बाबुरावांनी हात खिशाकडे नेला. तिथे अर्जाच्या पाठीमागे काटा पुसायचं फडकं होतं, ते त्यांनी काढलं.

"थांबा, मॅडम," ते म्हणाले. तीन दिवसांत ते एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. "तांदूळ तोलताना मी गोणीचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारलं, तर ही गंगा माझ्या घरावर मोर्चा आणील. बारदान वजा न करता वजन कसं धरता?"

"मोर्चा आणीनच," गंगामावशी म्हणाली.

बाबुरावांनी मॅडमच्या परवानगीची वाट पाहिली. मॅडमनी मान हलवल्यावर त्यांनी तिन्ही गोण्या उतरवल्या, काट्याचा तवा फडक्याने पुसला आणि काटा शून्यावर आला आहे हे मॅडमना दाखवलं. मग एकेक गोणी सोडून, उलटी करून, झटकून, सगळा माल तव्यावर रिकामा केला. कोपऱ्यात चिकटलेली एक चिबडाची फोडही त्यांनी बोटाने काढून त्यातच टाकली. ओली गोणपाटं बाजूला ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीशी बांधले.

काटा थरथरला, थोडा पुढे गेला, मागे आला आणि थांबला. चाळीस किलो दोनशे ग्रॅम.